साउंड चेक समजलेला एट्यूड

सोमवार, २६ जानेवारी. सोनिवली

उजव्या हाताची अनामिका अजून ठणकतेय. आठ महिने या एका एट्यूडवर घासले. पियानोवर बोटांच्या सरावासाठी लिहिलेली ही रचना लोक जगभर तिकीट काढून मैफिलीत ऐकतात, हे सोसायटीत कुणाकुणाला सांगत बसू?

आज सोसायटीच्या कार्यक्रमात कीबोर्डवर वाजवली. अख्खी, न चुकता. समोर खुर्च्या मांडणं चालूच. संपल्यावर सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "मॅडम, साउंड चेक ओके ना? चला, आता गाणं चालू करा!"

भांडले का मी? नाही. दमले होते. निमूट एक जुनं सिनेमाचं गाणं वाजवलं. टाळ्याच टाळ्या. मग हे बोट कशाला झिजवलं?

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. रोज माझ्या सरावाच्या वेळी खालून छताला काठी ठोकणाऱ्या. म्हटलं, आता यांचंही ऐका.

तर म्हणाल्या, "ते सूर भरभर खाली येतात ना, तिथे रोज अडखळतेस बघ. आज नाही अडखळलीस."

तिथेच तर अनामिका दगा देते. आणि आत्ता लिहिताना आठवतंय, काठीही रोज तिथेच वाजायची.