सांता कोम्बाची पालखी आणि माझा मागचा पास

वाल दे सबूगो,
जत्रेनंतरचा सोमवार

आईच्या माघारी आईच झालेल्या देओलिंडाताईस अबीलियोचा नमस्कार.

लक्झेंबुर्गात तुम्ही सगळे खुशाल असाल, भावोजींची कंबर ठिकाणावर असेल आणि मी पाठवलेल्या सॉसेजांना टपालातल्या कुत्र्याने नुसते हुंगून सोडले असेल, अशी आशा करतो. इकडे क्षेम. अंजिरे यंदा बक्कळ. माझा उजवा गुडघा पावसाचा अंदाज सांगतो आणि रेडिओपेक्षा बरा सांगतो.

जत्रेत काय घडले ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मीच लिहितो. माझा नवस तुला ठाऊक आहे. सत्ताविसाव्या वर्षी हा गुडघा फुटला, तेव्हा मी आपल्या गावच्या संतिणीला, सांता कोम्बाला, म्हटले होते, पुन्हा फुटबॉल खेळायला मिळू दे, एकदा तरी पुढच्या दांडीला खांदा देऊन तुझी पालखी कारंज्यापर्यंत नेईन. तिने पुढे आठ हंगाम दिले. (एकूण सतरा हंगामांत चार गोल, त्यांतले दोन आपल्याच जाळ्यात, हा दोष तिचा नव्हे.) पण पालखीचा मान शनिवारचा सामना जिंकणाऱ्यांचा, आणि मी पडलो सडाफटिंग. खेळ सोडून घरी आल्यापासून चौदा वर्षे मी अविवाहितांकडून लग्नवाल्यांविरुद्ध खेळतो, हरतो आणि पालखीमागून मेणबत्ती धरून चालतो. पुढच्या वर्षी जत्रा झाली की गुडघा बदलायचाच, असे डॉक्टर म्हणतात. म्हणजे ओझे उचलण्याजोग्या दोनच जत्रा उरल्या होत्या. त्यांतली एक ही.

लग्नवाल्यांचा कप्तान खाटीक बेल्मिरो. (त्याचे पोट त्याच्याआधी मैदानात उतरते.) त्याला म्हटले, बाबा, नवस आहे, एकदा खांदा देऊ दे. तर म्हणतो, "नवस माझ्या सासूचाही आहे, खेकड्या! जिंक आणि उचल!" (मी नेहमी आडवा नाही तर मागे चेंडू देई, म्हणून खेकडा. आमचे जुने प्रशिक्षक मात्र म्हणत, चेंडू अबीलियोकडे गेला की मी निर्धास्त सिगारेट पेटवतो.)

आमचा संघ म्हणजे सुट्टीला फ्रान्सहून आलेली आणि आदल्या रात्री नाचून दमलेली पोरे, मी, आणि गोलात फादर आन्सेल्मो. वय चौसष्ट, पण अविवाहित, त्यामुळे नियमात बसतात. पंच चर्चचा सेवेकरी, सहा लेकरांचा बाप. तो कुणाच्या बाजूचा ते तूच ओळख. तरीही शेवटच्या मिनिटाला दोन-दोन अशी बरोबरी होती. बेल्मिरो घसरून पडला, चेंडू माझ्या पायाशी आला, आणि समोर फक्त त्यांचा गोलरक्षक, तोही वाकून बुटाची नाडी बांधत असलेला. सगळे गाव ओरडले, "मार रे, मार!"

मी विचार केला, ताई. तेवढ्यात सतरा हंगामांचे पाय आपसूक वळले आणि मी चेंडू मागे फादरना दिला. गवताला चिकटून गेला, काय सुरेख पास! फक्त फादर गोलात नव्हते. एवारिस्तोने नवा ट्रॅक्टर गोलामागे आणून लावला होता, आणि चेंडू लांब आहे असे पाहून फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडायला गेले होते. चेंडू सावकाश रेघ ओलांडून आत गेला. फादरांचा हात वर होताच. त्यांनी त्यालाही आशीर्वाद दिला.

बेल्मिरोने माझे दोन्ही गाल चुंबले.

रविवारी पुन्हा मेणबत्ती. शेजारून ग्रासिएते चालत होती. (आठ वर्षांपूर्वी नवरा वारला, सांता कोम्बाचा झगा धुते-शिवते तीच.) समोर बघतच म्हणाली, "या पोरांबरोबर जिंकायची वाट बघणार, की बाजू बदलणार?" मी म्हटले, विचार करतो. "विचार केलास की चेंडू मागे जातो," ती म्हणाली.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
अबीलियो

ता. क. आईची अंगठी तुझ्याकडे आहे. टपालाने पाठवू नकोस (तो कुत्रा). ईस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारी लग्न आहे, तेव्हा तूच घेऊन ये. कारंजे यायच्या आत मी ग्रासिएतेला हो म्हटले होते.

ता. क. २. बेल्मिरोने मला संघात घेतले आहे. अट एकच, आपल्या गोलाकडे तोंड करायचे नाही.

ता. क. ३. दांडीसाठी लग्न करतोय असे समजू नकोस. ग्रासिएतेनेही तेच विचारले. मी म्हटले, दांडी एका दिवसाची, चालायचे मात्र रोज आहे. तेव्हा तिने कबूल केले की गेली पाच वर्षे झगा धुताना ती आम्ही हरावे म्हणून प्रार्थना करत होती. सांता कोम्बापुढे दोन अर्ज होते, ताई. जी तिचे कपडे धुते तिचा मंजूर झाला.