गोंड्यामुळे माघारी गेलेली गाडी

दिनांक : ९ डिसेंबर १९८८

प्रति,
मा. संयोजक साहेब,
शालेय विज्ञान प्रदर्शन समिती.

अर्जदार : कु. मनकर्णा लिंबाजी बोबडे, इयत्ता नववी, मु. पो. पेडगाव, जि. परभणी.

विषय : आमच्या बॅटरीवरच्या गाडीची जिल्हा प्रदर्शनासाठी फेरतपासणी होणेबाबत.

संदर्भ : गाडीच्या पुठ्ठ्यावर आपण लाल पेनाने दिलेला शेरा, 'मोटार सदोष. अपात्र.'

महोदय,

सविनय अर्ज करते की, माझी मैत्रीण शिवम्मा हिला शेतातल्या आखाड्यावरून शाळेत यायला कुबडीने लय वेळ लागतो, म्हणून आमी ही तीनचाकी केली. तिचे वडील बसवंतराव काका म्हणालेत, "जिल्ह्याला निवडली तर पोरीला हिच्यावर पाठवीन. न्हाई तर औंदा शाळा बंद." म्हणून हा अर्ज.

१. प्रदर्शनाच्या सकाळी गाडी पटांगणभर सरळ धावली. साक्षीदार आमचे विज्ञानाचे चंद्रभान सर, तसेच पाण्याची टाकी, जी थोडक्यात वाचली.

२. नंतर आपला सत्कार झाला. आपण मोठ्या मनाने गळ्यातला हार काढून गाडीच्या हॅण्डलला घातलात. टाळ्या झाल्या. शिवम्माने बटण दाबले आणि गाडी आचके देत माघारी निघाली. "अगं मनकर्णे, ही उलटी जायलीय की! लंगडी मी हाय का ही?" असे ती ओरडेपर्यंत चाक आपल्या बुटावर चढले होते. त्याबद्दल दिलगीर आहोत. बूट चांगला होता.

३. हॅण्डलखालच्या चाकातल्या मोटारीचा आस कुठवर फिरला, हे काचेच्या नळीतल्या तीन कळा, म्हणजे स्विच, सांगतात. आसावरचा चुंबक समोर आला की कळ मिटते आणि तारेच्या योग्य वेटोळ्यात करंट जातो. कळ चुकली की मोटार बिचारी भलतीकडे ओढली जाते. आमी प्रत्येक कळेला टॉर्चचा बल्ब जोडून चाक हाताने फिरवले. तिन्ही बल्ब पाळीपाळीने लागले! मग आपला हार, जो शिवम्माने आठवण म्हणून ठेवला होता, पुन्हा हॅण्डलला घातला. तिसरा बल्ब गप्प. पाहतो तर हाराच्या टोकाला, मोटारीपर्यंत लोंबलेल्या जरीच्या गोंड्यात लोखंडी कडी. ती कळेशेजारी चिकटून चुंबकाची सगळी ओढ एकटीच खायलीती. गोंडा कापला, हार तसाच ठेवला, तर तिन्ही बल्ब हजर.

४. सबब मोटार निर्दोष आहे. कळाही निर्दोष आहेत. दोष कुणाचा, हे लिहिताना पेन अडखळते, कारण हार आपला होता. सर म्हणाले, "'बाह्य कारण' असं लिही गं बाई." तरी बाह्य कारण.

५. कळांवर आता प्लास्टिकची डबी बसवली आहे. लोखंड जवळ फिरकणार नाही.

तरी मेहेरबानी करून गाडी एकवार पाहावी. त्या वेळी आपला सत्कार नारळाने व्हावा, ही विनंती. हार घालायचाच झाला तर आपण तो शिवम्माला घालावा. ती लोखंडाची नाही.

आपली नम्र, पण मोटारीबाबत ठाम,
मनकर्णा बोबडे

सोबत : सदर गोंडा, कडीसह. (फुले वाळल्याने जोडली नाहीत.)