एका जेवणाची कॉपी

अप्पा, तुमची जुनी हार्ड डिस्क आज लॅपटॉपला जोडली आहे. हात रिकामे राहिले तर मी सारखी वायरच चाचपत बसेन, म्हणून हे लिहायला घेतलं. आईचा डावा कान पूर्ण गेला. उजवाही जायला लागलाय. परवा जेवताना ती एकदम म्हणाली, "त्यांचा आवाज कुठं हाय का गं तुझ्याकडं? ऐकू येऊन राह्यलं तवर एकदा ऐकते." तुम्ही गेल्यावर मागे फोटो ढीगभर उरलेत, पण आवाज एकाच ठिकाणी. मंठ्याला आत्याच्या लग्नात तुम्ही कॅमेऱ्यामागून बोलत होतात, त्या व्हिडिओत. आणि तो व्हिडिओ फक्त या डिस्कवर आहे. डिस्क सुरू केली की आतून टकटक येते. आधी आईचा कान जातो की ही डिस्क, याची मला धास्ती बसली आहे.

मस्तगडातलं आपलं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आठवतं. बाहेर रिक्षांचे हॉर्न कोकलत असले तरी तुमचं बोलणं समोरच्या कापडवाल्याला बसल्या जागी ऐकू जायचं. आई डबा घेऊन आली की पहिलं वाक्य हेच, "हळू बोला की, इथं कुणी बहिरं न्हाई." तुमच्यावर काडीचा परिणाम व्हायचा नाही. दुकानात नवी केबल आली, नवं कार्ड आलं, की तुम्ही त्यावरून हाच लग्नाचा व्हिडिओ या डिस्कवर कॉपी करून बघायचात. तेवढी मोठी फाइल दुसरी नव्हतीच. किती वेळ लागतो ते मोजायला घड्याळ कधी लावलं नाही, चहा सांगायचात. चाळीस तारांच्या पट्टीसारख्या चपट्या केबलवरून दोन चहा लागायचे आणि तशाच दिसणाऱ्या ऐंशी तारांच्या पट्टीवरून एक. मी विचारलं होतं, वाढीव चाळीस तारा काय वाहून नेतात? "काही न्हाई माय. ह्या तारेचं बोलणं त्या तारेत घुसू देत न्हाईत, बस." पुढे एका गिऱ्हाइकाच्या डिस्कला सॅटाची, म्हणजे नव्या पद्धतीची, बारीक लाल वायर आली. चहा यायच्या आतच काम उरकलं आणि तुम्हीच हिरमुसलात.

केबलच्या खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यावर तुमचा भरवसा नव्हता. "चारशे ऐंशी लिव्हलंय, पर ते बिट हाय, बाइट न्हाई. आठानं भाग. मंग मोंढ्यात आडते धान्याच्या वजनातून कापतात तसा कडता काढ. उरलं तेवढंच आपलं." मी आजही तेच करते. ही डिस्क लॅपटॉपला जोडणारा अडॅप्टर चारशे ऐंशीचाच आहे. साठातले निम्मे जरी हाती लागले तरी मी नारळ फोडीन.

सगळ्यात जुन्या यूएसबीची चाचणी घेतलीत तेव्हा तर आपण तिघं दुकानातच जेवलो, हात धुतले, आईनं डबा बांधला, तरी कॉपी चालूच. "यापेक्षा बैलगाडी बरी," मी म्हणाले. तुम्ही हसलात आणि त्या कॉपीच्या फोल्डरला नाव दिलंत 'जेवण'. आधीचे दोन होतेच, 'दोन चहा' आणि 'एक चहा'. एकच व्हिडिओ तीनदा कशाला, म्हणून मी गेमसाठी जागा करायला ते पुसायला निघाले, तर तुम्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडलात, "हात लावू नको! बियाणं कुणी एकाच मडक्यात ठेवतं का?" मला रडू फुटलं होतं. व्हिडिओला बियाणं म्हणणारा बाप माझ्याच वाट्याला का आला, असं वाटलं.

आज आधी 'एक चहा' लॅपटॉपवर कॉपीला लावला. अर्ध्यात गेल्यावर टकटक झाली आणि सगळं थांबलं. 'दोन चहा' तर उघडलाच नाही. प्रत्येक प्रयत्नागणिक डिस्क आणखी झिजते, हे तुम्हीच शिकवलेलं. आई शेजारी बसून विचारत होती, "झालं का गं?" मी नुसती मान हलवत होते. उरलं होतं फक्त 'जेवण'. ते चालू केलं आणि कागद ओढला. आठानं भागते, कडता काढते, तरी स्क्रीनवरची कॉपीची रेघ जागची हलत नाही. मधेच टक. पुन्हा टक. अप्पा, आता हिला बंद पडू देऊ नका.

आली. फाइल पूर्ण आली. जिला बैलगाडी म्हणाले होते तीच पोचली.

आईच्या उजव्या कानाला हेडफोन लावला, एक बाजू माझ्या कानाला. मांडवातला कालवा, आणि त्यावर चढलेला तुमचा आवाज, "अगं, तू कुठं चालली? तू बी ये की फोटोत!" मी दचकून मागे सरले, एवढा मोठा. आई डोळे मिटून बसली होती. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"लई बारीक येऊन राह्यला," ती म्हणाली. थोड्या वेळानं स्वतःशीच हसली. "ते असेच हळू बोलायचे, न्हाई का?"

आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वाढवलेला होता, अप्पा. मी हो म्हणाले.