हौसाकाकूंचा हॅलोजन आणि कन्येतला ठिपका

१० एप्रिल
कन्या रास आता अंधार पडताच वर असते. वर्षभर याच दिवसांची वाट पाहिली. या राशीत दीर्घिकांचा घोळकाच आहे, पण यंदा आधी कॅमेऱ्यात क्वेसार धरायचा. फार लांबच्या दीर्घिकेचं धगधगतं केंद्र, पण दुर्बिणीत साधा तारा दिसणार. शेजारच्या हौसाकाकूंचा हॅलोजन रात्रभर चालू, फोटो सगळे पांढरे. बोलणार काय? परवाच बिबट्यानं त्यांची गाभण शेळी नेली. ऊस तुटला, जनावराला लपायला जागा नाही.

१२ एप्रिल
सौ.नं परस्पर काकूंना उजेडाची अडचण सांगितली. चिडलो. तर संध्याकाळी काकूच दारात. "आवं सुभेदार, मला का न्हाई बोलला? अंधार पायजे व्हय तुमास्नी?"
म्हटलं, "काकू, शेरडं महत्त्वाची. माझा काय, नाद."
"शेरडं तुमच्या सोप्यात बांधतो. मग बत्ती कशाला?"
सोपा झाडून रिकामा केला. काका गेल्यापासून या शेरडांवरच घर चालतं त्यांचं.

१४ एप्रिल
सोप्यात शेरडं, अंगणात मिट्ट काळोख. लहानपणानंतर आजच पाहिला. पण कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं, आभाळभर धूर. काही मिळालं नाही. काकूंसमोर ओशाळलो. "उद्या बगू की," म्हणाल्या. सौ.बरोबर चहा घेत बसल्या.

१६ एप्रिल
दुपारी वळीव. आभाळ लख्ख. एका बोकडानं कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला ढुशी दिली, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तरी फोटो निघाले. एकावर एक रचले, सांगलीला सलीमला पाठवले. युनिटातला दोस्त, आता लग्नाचे फोटो काढतो. कॅमेराही त्याचाच.

१७ एप्रिल
सलीमचा फोन. ताऱ्यांच्या नकाशाशी ताडून पाहिलं त्यानं. "घावला की रं गड्या! त्योच हाय!" दोघं नुसतेच हसत राहिलो. दोनशे कोटी वर्षांच्याही आधी निघालेला उजेड, आमच्या अंगणात उतरला.
काकूंनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. "ह्यो ठिपका?"
"हा."
"लय लांबनं आलाय, बिचारा." मग लेकीला पाठवायला लावला.
मी हात जोडले त्यांना.

१९ एप्रिल
कालव्याच्या कडेला बिबट्याचे ताजे ठसे. सोबत बारकी पावलंही. म्हणजे मादी आहे, पिल्लं आहेत, धोका जास्तच. काकूंना सांगितलं, बत्ती लावा, माझं भागलं.
"आन् तुमी म्हनला त्या बाकीच्या दीर्घिका? त्या कवा काढणार?"
"काकू, ऐका."
ऐकतात कुठल्या. दिवस मावळला. शेरडं घेऊन फाटकातून येताहेत. उठून परत पाठवू, की पुढं होऊन दावी धरू, तेच ठरत नाही.