बिळावरचा शिंपला

ओस्निएल,

अंधार पडला की आपला मासा वाळूतल्या बिळाच्या तोंडावर शिंपला ओढून घेतो. काल त्याने ओढला नाही. वीज नव्हती, आणि टाकीच्या हवेच्या पंपाची बॅटरी तू डोमिनो खेळायच्या टेबलावरच्या दिव्याला नेली होतीस. मी हाताने पाणी ढवळत राहिले, पण तेवढ्याने प्राणवायू पुरत नाही. आता त्याला बादलीतून मालेकोनच्या किनारी रस्त्याच्या कठड्याखाली समुद्रात सोडायला नेतेय. जगेल असं वाटत नाही.

काळा घेवडा शिजवलाय. आजच संपव, फ्रीज बंद आहे.

तू नेहमी म्हणतोस, "अगं बायको, माझी अन् त्या माशाची जात एकच, बीळ सोडणार नाही." म्हणून इतकी वर्षं मायामीच्या ताईने तिकडे बोलावलं की मी "बघू" म्हणत आले. आज तिला फोनवर सांगितलं, "मी येतेय. एकटीच."