रेघेच्या वरचं पाणी

अम्मा, परसातल्या विहिरीत मी परवा उतरलो होतो. तुला राग येणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. उद्या ती विहीर मी बुजवणार आहे. तुझी नात पहिल्या बाळंतपणाला येते आहे आणि आपल्या घरात पाणी नाही. स्वयंपाकघरामागचं बोअर, अप्पांनी स्वतः उभं राहून घातलेलं, ह्या उन्हाळ्यात पार बसलं. मोटार लावली की एक बादली भरते, दुसरी भरता भरता नळ खोकायला लागतो. मी कंप्रेसर लावून पाहिला, दिवसभर तांबडा गाळ बाहेर काढला, पाण्याची आवक चार दिवस सुधारली आणि पुन्हा होती तशी झाली. कुंभकोणम्‌भर लोकांच्या घरी पाणी काढून देणारा मी, आणि माझी बायको शेजाऱ्यांच्या नळाला पाइप लावून घागरी भरते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुझी सून घागर जरा आपटून ठेवते.

नवीन बोअर घालायचं तर आपलं परस केवढं ते तुला माहीत आहे. एका अंगाला आपल्या शौचालयाची टाकी, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची. दोन्हींपासून लांब अशी जागा एकच, ती तुझी विहीर. कोरड्या विहिरीच्या तळातून बोअर खाली न्यायचं, पाइप वर काढायचा आणि भोवती वाळू भरून टाकायची, हे काम मी लोकांच्या घरी कितीदा केलं आहे. त्या घरच्या म्हाताऱ्या काठाला हात लावून उभ्या राहतात, डोळ्याला पदर लावतात, आणि मी त्यांना म्हणतो, 'पाट्टी, विहीर कोठे जात नाही, आतून पाणी येणारच आहे.' किती सहज म्हणत होतो मी. ह्या खेपेला काठाला हात लावून मी उभा होतो, आणि माझे मेस्त्री, अप्पांच्या वेळेपासूनचे, तमिळमध्ये म्हणाले, 'उतरायचं की बघत बसायचं?'

तू गेल्यानंतर विहिरीचं पाणी कोणी काढलं नाही. हळूहळू ते कमी झालं, मग नुसत्या पावसाळ्यापुरतं राहिलं, मग तेही नाही. आतली भाजक्या मातीची गोल कडी मात्र अजून जशीच्या तशी आहेत, एकावर एक. खाली उतरताना मला तुझा आवाज येत होता. पहाटे तू चार घागरी काढायचीस आणि दोर खुंटीला अडकवून टाकायचीस. आत पाणी दिसत असलं तरी पाचवी काढायची नाहीस. मी लहानपणी विचारलं तर म्हणालीस, 'तिलाही दम घेऊं दे की रे. ओढलं म्हणजे येतं असं नाही, झिरपलं म्हणजे येतं.' अप्पा हसायचे. पण स्वामीमलैच्या त्या घरमालकाचं बोअर अर्ध्या तासात हवा ओढायला लागलं, तो दारात येऊन ओरडायला लागला, आणि अप्पा म्हणाले आणखी खोल जाऊ, तेव्हा तू आतून पीठ मळता मळता म्हणालीस, 'मोठी मोटार लावून वर भांडता कशाला? लहान लावा. दिवसभर थोडं थोडं ओढून टाकी भरून घ्या.' तसंच केलं. ते बोअर अजून चालतं आहे. पाणी कमी आहे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी अजून तेच सांगतो, आणि कोणी विचारलं की हे कोठे शिकलात, तर सांगतो, स्वयंपाकघरात.

खोटं नाही ते. वाळूसुद्धा मी तुझ्याकडूनच शिकलो. बोअरमधून वर आलेली वाळू अप्पा कागदाच्या पुड्यांत बांधून आणायचे आणि तू ती बोटांत चोळून बघायचीस. 'ही रव्यासारखी, येथे जाळीचा पाइप बसवा. ही पिठासारखी, येथे नको, चाळणीतून सगळं पीठ गळेल.' आणि नव्या बोअरचं पहिलं स्वच्छ पाणी कोठे जायचं? देवापुढे नाही, घरमालकाच्या तोंडातही नाही. आधी घागरीतून आपल्या घरी यायचं आणि त्यात तू तुरीची डाळ शिजवायचीस. डाळ मऊ झाली की पाणी पास. मी एकट्याने घातलेल्या पहिल्या बोअरची डाळ दुपार झाली तरी कच्चीच राहिली. मी म्हटलं, 'अम्मा, सोडा घाल थोडा.' तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. ती दडदडीत डाळ तू माझ्या ताटात वाढलीस, भातावर तूपसुद्धा घातलंस, आणि म्हणालीस, 'जेव. मग जाऊन त्यांना सांग पाणी जड आहे म्हणून. ते रोज जेवणार आहेत, तुला एक दिवस जेवायला काय झालं?' मी जेवलो. जाऊन सांगितलं. अजूनही सांगतो.

आणि मग त्या तुलाच पाणी तोडलं. ते वर्ष मी आठवत नाही, ते वर्ष माझ्याबरोबरच राहतं. तुझे पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, डॉक्टर म्हणाले मूत्रपिंडं थकली आहेत, दिवसाचं पाणी मोजून द्यायचं, ताक, कॉफी, सांबार सगळं त्यातच धरायचं. तू त्यांच्या तोंडावर, हात जोडून, गोड हसत आपल्या मराठीत म्हणालीस, 'ह्या मेल्याला म्हणावं, आधी तू राहून दाखव.' त्यांनी विचारलं, अम्मा काय म्हणतात? मी म्हटलं, तुमचे आभार मानतात. रिक्षात आपण दोघं हसलो. ते शेवटचं हसणं असावं, कारण घरी आल्यावर मी तुझा कॉफीचा पितळेचा पेला घेतला आणि कानशीने त्यावर आतून रेघ मारली. येथपर्यंत. सकाळी येथपर्यंत, दुपारी येथपर्यंत, संध्याकाळी येथपर्यंत.

तू पहिल्याच दिवशी पेला डोळ्यांजवळ धरून ती रेघ बघितलीस. 'गावभर पाणी काढणारे, आणि माझ्या तोंडाला कोरड,' म्हणालीस. मी म्हटलं, 'थोडं थोडं पी, अम्मा. एकदम संपवू नको.' तर तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, 'मी बोअर आहे का रे?'

आपल्याकडचा कार्तिकातला पाऊस तेव्हा भरपूर झाला होता. विहीर वरपर्यंत आलेली, काठावर वाकलं की हाताशी पाणी. मी कामावर जायचो, तुझी सून शाळेत शिकवायला जायची, तुझी नात शाळेत. अप्पा आधीच गेलेले. दुपारी घरात तू एकटी. त्याच दिवसांत बोअरमध्ये मोटार सोडायचा निळा नायलॉनचा दोर कोणीतरी कापला. मी माणसांवर ओरडलो, मेस्त्रींनासुद्धा बोललो, आणि ते बिचारे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तू खाटेवरून म्हणालीस, 'उंदीर असेल.' मी म्हटलं, 'उंदीर काय कात्री घेऊन आला होता?' तू कूस बदललीस. पुढे तो पेलाही हरवला. मी भांड्यांच्या रॅकवर शोधला, खाटेखाली शोधला, शेवटी दुसरा आणला आणि त्याच्यावरही रेघ मारली. डॉक्टरांनी विचारलं, 'सूज का वाढते आहे? पाणी मोजून देता ना?' मी ताठ मानेने सांगितलं, 'होय, मी स्वतः देतो.' तू बाजूला बसली होतीस. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस.

शेवटच्या दुपारी मी घरीच होतो. तू म्हणालीस, 'अजून एक घोट दे.' मी म्हटलं, 'संध्याकाळी, अम्मा.' तू डोळे मिटलेस, आणि संध्याकाळ तू पाहिली नाहीस. अम्मा, त्यानंतर मी किती घरांत पाणी लावलं त्याला गणती नाही. पाइपमधून आधी गढूळ येतं, मग पांढरट, मग एकाएकी स्वच्छ पाणी उसळतं, घरची माणसं पुढे होऊन ओंजळ धरतात, आणि दर खेपेला मला ते ऐकू येतं. अजून एक घोट. लोक समजतात हा माणूस फार गंभीर आहे, आपल्या कामाचा त्याला आनंद कसा होत नाही. चोळपुरम्‌च्या एका बाईंनी तर मला विचारलंसुद्धा, पाणी वाईट लागलं का म्हणून. मी म्हटलं, नाही, चांगलं लागलं.

तर परवा मी विहिरीत उतरलो. बोअर घालण्याआधी तळाचा गाळ काढायचा होता. वरून मेस्त्री टोपली सोडत होते, मी भरून देत होतो. काळा, चिकट गाळ, त्यात फुटक्या घागरीचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, एक लहान चेंडू. मग फावड्याला काहीतरी अडकलं. ओढलं तर निळा दोर. गाळाखाली तो अजून निळाच होता. ओढत गेलो तर शेवटी पेला आला, काळा पडलेला, काठाखाली दोर आवळून बांधलेला. आणि गाठ अप्पांच्या पद्धतीची, मोटार सोडताना मारतात ती, ओझ्याने अधिकच घट्ट होणारी. अंगठ्याने मी आतला गाळ पुसला. रेघ होती.

मी तसाच खाली बसलो. वरून मेस्त्री विचारत होते, साप आहे काय? मी म्हटलं, नाही. घागर तुला उचलत नव्हती म्हणून तू पेला सोडत होतीस. त्या सुजलेल्या पायांनी, भिंत धरत, ओसरी उतरून, परसातून येथपर्यंत. एक पेला काढायचा, प्यायचा, पुन्हा सोडायचा. किती दिवस चाललं होतं, एका दिवसाला किती, हे मला कळायचा मार्ग नाही. शेवटी हात ओला असेल, दोर निसटला असेल, आणि तू काठावर उभी राहून बुडणाऱ्या पेल्याकडे बघत राहिली असशील. मग पुन्हा भिंत धरत आत, खाटेवर. आणि संध्याकाळी मी तुझ्या देखत घरभर पेला शोधला.

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू. त्या पाण्यानेच तुझे दिवस कमी झाले असतील, आम्ही तुला अजून उन्हाळाभर ठेवली असती, असं सगळं त्या गाळात बसून मनात आलं. मग तुझं ते 'उंदीर असेल' आठवलं आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं, ते आवरेना. मेस्त्रींनी काही न विचारता टोपली वर ओढून घेतली आणि ते बिडी ओढायला निघून गेले. तेवढं त्यांना कळतं.

काल बोअर झालं. तीन वाशांची तिकाटी विहिरीवर उभी केली, माणसांनी पाइप फिरवला, भोक ढासळू नये म्हणून शेणाचं पाणी ओतत ओतत खाली गेलो. चिकण माती लागली, मग पीठ, मग आणखी माती, आणि मग रवा. असा रवा की तू खूश झाली असतीस. पाण्याचा लोट काही फार नाही, पण मी लहानच मोटार बसवणार आहे आणि दिवसभरात टाकी भरेल. पाणी स्वच्छ यायला संध्याकाळ झाली. पहिली घागर तुझ्या सुनेने नेहमीप्रमाणे आत नेली आणि कुकर नको, पातेल्यातच डाळ टाकली, कारण तुझी पद्धत तीच. डाळ शिजली, अम्मा. बोटाने दाबली की पीठ होते. तुझ्या नातीला फोन करून सांगितलं, ये आता.

पेला मी चिंच लावून घासला. चांगला निघाला, रेघ तेवढी ठळक दिसते. घरात सगळ्यांना सांगितलं, मोठ्या बाजारात जुन्या भांड्यांच्या दुकानात मिळाला. तुझ्या सुनेने उलटसुलट करून पाहिला, रेघेवरून बोट फिरवलं, आणि तिला सगळं आठवलं असणार. गेल्या वर्षापासून मलाही डॉक्टरांनी मीठ तोडलं आहे, तेव्हा ती माझ्या ताटावर लक्ष ठेवून असते. ती आत वळली की तुझा मुलगा शोभतो मी, एवढंच सांगतो.

आज सकाळी पाइपाचं तोंड अजून टाकीला जोडलेलं नव्हतं तोवर मी तो पेला भरला. रेघेपर्यंत नाही, काठोकाठ, हातावर सांडेपर्यंत. विहिरीत ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. मेस्त्री म्हणाले, उद्याची वाळू ओली होऊन बसायला बरं. मी म्हटलं, होय.

हे पत्र विहिरीत टाकून वर वाळू ओतावी असं एकदा मनात आलं. पण विहिरीत कागद, चिंध्या काही टाकू नका, पाणी नासतं, असं मीच लोकांना दारोदार सांगत असतो, आणि तुझ्या पणतवंडाला तेच पाणी प्यायचं आहे. तेव्हा घडी घालून कपाटात, तुझ्या साड्यांच्या खाली ठेवतो.

एकच सांगायचं राहिलं. तू चोरून प्यालीस हे मी डॉक्टरांपुढे कधी कबूल केलं नसतं, तुझ्यावरही रागावलोच असतो. पण त्या गाळात बसून रडत होतो ना, तेव्हा मला बरं वाटत होतं, अम्मा. फार बरं वाटत होतं.