इस्त्री आणि वायफायचा डबा

ता. ४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाच दिवसांत आईचा चेहरा धड दिसलेला नाही. चष्म्याच्या दुकानातून धावतपळत घरी येऊन बरोबर साडेसातला कॉल लावते, तर पडद्यावर नुसतं चाक फिरत राहतं. साध्या फोनवर तिला ऐकू येत नाही, आणि तुला फोन करावा तर नेमकं तुझ्याकडे गिऱ्हाईक आलेलं असतं. बरं झालं आपण पत्रं लिहायची सवय मोडली नाही. नेटला काय झालंय ते कळव, आणि मी दिलेला टॅब चार्ज केलेला असतो ना, तेही बघ.

वाट बघून कंटाळलेली,
भिंगरी


ता. ८ जुलै

चि. भिंगरीस अ. उ. आ.

नेटला काय झालंय हे कपडे शिवणारीला विचारतेस? कोपऱ्यावरचा रस्ता खणलाय, वायर तुटली असेल. मला माझा दोरा तुटला तर कळतो, बाकीचं कळत नाही.

खरं सांगू का? घर जरा शांत आहे. एरवी सात वाजले की आईची लगबग सुरू. केस सोडायचे, विंचरायचे, पुन्हा घट्ट बांधायचे. मी इस्त्री केलेले कपडे घालायचे, आणि मग माझ्याच तोंडावर आतल्या खोलीचं दार लावून तुझ्याशी बोलायचं. माझ्या मशिनच्या आवाजात शब्द कळत नाहीत, पण हसणं बरोबर ऐकू येतं. माझ्याशी ती दिवसभर काय बोलते माहितीये? चष्मा कुठे ठेवलास, गुडघा ठणकतोय, मशिन किती वेळ चालवणार आहेस. वीस मिनिटांच्या लेकीला गप्पा आणि चोवीस तासांच्या लेकीला गुडघा! माझ्यासाठी तिने कधी केस विंचरल्याचं आठवत नाही.

जळते म्हण हवं तर. जळतेच मी. तुझ्या तब्येतीला जप, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
ताई


ता. १२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग डोळे भरले, आणि आता राग आलाय. नेटच्या कंपनीला फोन केला होता. त्यांच्या बाजूने सगळं ठीक आहे म्हणाले. तरी गुरुवारी त्यांचा माणूस पाठवतायत.

तो यायच्या आधी एक विचारते. रविवारी कॉल झकास लागतो. तुटलेली वायर रविवारपुरती जोडली जाते का गं? रविवारी तुझी इस्त्री बंद असते, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

आता दाराआड काय चालतं ते ऐक. करड्या कोटाची बाही तू तीनदा उसवलीस. बँकेतल्या बाईंना तू शिवलेलं इतकं आवडलं की त्यांनी जावेलाही पाठवलं. तुझ्या अंगठ्यात सुई गेली आणि तू कुणाला सांगितलं नाहीस. हे सगळं मला कुठून कळलं? वीस मिनिटांतली पंधरा मिनिटं तुझीच असतात, ताई. मला दुकानात वरची जागा मिळाली त्याला तीन आठवडे झाले, पण आईला सांगता आलेलं नाही. रविवारीसुद्धा नाही. मी तोंड उघडलं की ती तू शिवलेला कोट पडद्यासमोर धरते, तोही उलटा, आणि अस्तराची शिवण बघ म्हणते. मी इतक्या लांबून टॅब पाठवला तो काय अस्तर बघायला? जळायचं तर मी जळायला हवं.

तुझी धाकटी आणि सध्या दुसऱ्या नंबरची,
भिंगरी


ता. १७ जुलै

चि. भिंगरीस अ. उ. आ.

काल तो माणूस येऊन गेला. कापायच्या टेबलाखालचा बोर्ड त्याने पाहिला. एका खाचेत मशिन, दुसरीत वायफायचा डबा. मग त्याने इस्त्रीकडे पाहिलं आणि माझ्याकडे. साडेसातला इस्त्री कुठे लावता, असं त्याने विचारलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या दिवशी खरंच घाई होती गं, कोट न्यायला माणूस दारात उभा होता, म्हणून डब्याची पिन काढली. आतलं हसणं थांबलं. दुसऱ्या दिवशी घाई नव्हती, तरी काढली. चुकले मी.

आता डब्याला वेगळा बोर्ड आणलाय. काल साडेसातला मशिन बंद करून आईशेजारी बसले, तू बघितलंसच. आईने तोंडाला कुलूप लावलं. शेवटी मलाच म्हणाली, तू जा बरं बाहेर, तू इथे बसलीस तर हिला सांगू काय? मी बाहेर आले, दार ओढून घेतलं, आणि मशिन काही सुरू केलं नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज दाराबाहेर किती स्पष्ट येतो, हे मला इतक्या दिवसांत कळलंच नव्हतं.

ती तुला काय म्हणाली ते तुला माहीत आहे, तरी मला लिहायचंय. म्हणाली, ताई पिन काढते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, इस्त्रीचा वास आला की तुझं तोंड गायब व्हायचं. पण बोलले नाही. दिवसभर एकटी राबते, रुसायला तिला माझ्याशिवाय आहे कोण? भिंगरी, मी त्या टेबलाशी उभ्याउभ्या रडले.

तुझ्या वरच्या जागेचं नंतर मीच तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. इतकी खूश झाली! लगेच म्हणाली, मग तिला चांगला कोट लागेल, तू शीव. तेव्हा मापं पाठव. अस्तर तुला पाठ आहेच.

आणि एक, तू जळावंस म्हणून मुद्दाम लिहिते. कॉल संपल्यावर आईने मला हाक मारली आणि पाठ करून बसली. हे घट्ट बांधलेले केस तिला रोज ओढतात म्हणे, तुला नीटनेटकी दिसावी म्हणून तेवढी कळ काढते. मी ते हळूहळू सोडले. माझ्या हाताखालीच तिला डुलकी लागली.

लोभ करतेसच, तो उसवू देऊ नकोस.

तुझी,
ताई